सत्यशीलाबाईंचा बिनपडद्याचा बार

...तर इंदुबाईंनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, दाराशी टांगलेली पितळी घंटा ठणकन वाजवली आणि त्या पत्र्याच्या खोलीपुढं डोळे मिटून उभ्या राहिल्या. काल इथवर आलो आणि घरातून जेवायची हाक आली. आता पुढचं ऐका. पण काल जे नव्हते ते विचारतील, कोण इंदुबाई आणि कसली खोली? म्हणून आधी तेवढं सांगून घेतो.

हिंजवडीला जाणारा रस्ता संध्याकाळी जिथं कंपन्यांच्या बसगाड्यांनी तुंबतो, त्याच्या अलीकडं आमची सोसायटी. एकमेकांना खेटून उभी असलेली रो-हाउसं. प्रत्येकाच्या मागं खाटेएवढं परस आणि परसात बिल्डरनं दिलेली एक पत्र्याची खोली. नकाशात तिला बागेची खोली म्हटलंय. बाग कुणाचीच नाही. लोक तिच्यात मोडकी सायकल, कूलरच्या जाळ्या, मागल्या गणपतीचं मखर असलं काय काय कोंबतात. आमच्या भिंतीला भिंत लागून सत्यशीलाबाईंचं घर. त्यांच्या खोलीत एक फावडं, खताचं फुटलेलं पोतं आणि उंदरांचं एक एकत्र कुटुंब होतं. बाईंचे यजमान नागोराव, कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. दोघंही मूळचे वर्ध्याकडचे. आणि इंदुबाई म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. जन्म सदाशिव पेठेतला, त्यामुळं कुणाला काय बोलावं याची त्यांना कधी अडचण पडत नाही.

तर तो दसऱ्याचा दिवस. इंदुबाई मंडळाच्या दोघीतिघींना घेऊन सकाळच्या फेरीला निघालेल्या. बघतात तो काय, सत्यशीलाबाईंची खोली पिवळ्या रंगानं रंगवलेली, दारावर झेंडूचं तोरण, आत उदबत्तीचा वास, फोडलेला नारळ, आणि समोर भिंतीशी कमानीचं लाकडी कपाट, दोन्ही दारं बंद, वर बारीक दिव्यांची माळ. वर घंटा आहेच. आता आपल्याकडं माणूस एवढं बघितल्यावर विचारत बसतो का? चपला आपोआप निघतात. इंदुबाईंच्या मागं बाकीच्याही हात जोडून उभ्या. एकीनं तर पिशवीतली केळी काढून उंबऱ्यावर ठेवली.

आत सत्यशीलाबाई फडकं मारत होत्या. त्यांना वाटलं, शेजारणी कौतुकानं बघायला आल्यात.

"या नं, या बाप्पा. आत या."

"देवी आहे का गणपती?" इंदुबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

बाईंचं अर्धं लक्ष फडक्याकडं. त्या म्हणाल्या, "थांबा, दारं उघडते. एकदम नीट दिसन."

आणि उघडली हो दारं! आत रमची एक बाटली, तिच्या मागं व्हिस्कीची एक, सोड्याच्या बाटल्या ओळीनं, आणि काचेचे सहा ग्लास लख्ख पुसून पालथे घातलेले. दिव्यांच्या माळेत ते सगळं असं काही झळकत होतं म्हणता! मी आमच्या परसातून बघत होतो. इंदुबाईंनी डोळे उघडले. हात जोडलेलेच राहिले. मग त्यांनी एकदा बाटलीकडं, एकदा आपल्या हातांकडं पाहिलं आणि हात असे झटकले, जसा काही चटका बसलाय.

"सत्यशीलाबाई, हे काय आहे?"

"बार आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्यासाठी. कसा झाला?"

केळी उचलायचं भान कुणाला राहिलं नाही. ती आम्ही खाल्ली.

आता तुम्ही म्हणाल, बाई खुळी आहे का चळवळी? दोन्ही नाही. बाई शहर बसची कंडक्टर होती. निवृत्त होईपर्यंत. खाकी घातलेली, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि आवाज असा की मागल्या दारातला माणूस पुढच्या दारानं उतरायचा. पिऊन चढलेल्यांना तिनं कधी हात लावून उतरवलं नाही. बस थांबवायची आणि त्याच्यासमोर नुसतं उभं राहायचं. तो उतरेपर्यंत बस हलायची नाही. बाकीचे प्रवासी ओरडायचे ते त्या माणसावर, तिच्यावर नाही. नागोराव म्हणतात, "लग्नाआधी ही लाजरी होती जी. शहरानं बिघडवली." बाई म्हणतात, "शहरानं नाही, सुट्ट्या पैशानं."

पण त्या नोकरीत तिनं आणखीही काही बघितलं होतं. बसच्या मागच्या चाकाखाली माणूस आला की काय उरतं, ते तिनं बघितलं होतं. ते ती कधी सांगत नाही. मी एकदा विचारलं, तर चहाचा कप आत घेऊन गेली.

आता नागोरावांचं. माणूस साधा, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. संध्याकाळी दोन पेग, एवढंच व्यसन. पण घरात कसं प्यायचं? आपल्याकडचा रिवाजच असा की घरात प्यायची ती चोरून. आमच्या गावाला एक तात्या होते, ते शेणीच्या हुडव्यात, म्हणजे रचून ठेवलेल्या गोवऱ्यांत, बाटली लपवायचे. एकदा त्यांच्या सुनेनं चुलीत शेणीबरोबर बाटली घातली, ती फुटली आणि सगळा गाव धावत आला, म्हणे चुलीत भूत बोललं! इथं शहरातही तेच, फक्त हुडवे नाहीत. लोक स्टीलच्या पेल्यात घेतात, म्हणजे पाणी वाटावं. बेल वाजली की पेला पलंगाखाली आणि बडीशेप तोंडात. नागोरावांना ते जमत नव्हतं. म्हणून ते स्कूटर घेऊन रस्त्यावरच्या परमिट रूममध्ये जायचे. काळ्या काचा, आत अंधार, टेबलाला टेबल, आणि समोर ओळखीचं कुणी नाही. दोनाचे तीन तिथंच व्हायचे. अंधारात मोजायचं कुणी?

आणि येताना तोच तुंबलेला रस्ता.

मागल्या वर्षी एका संध्याकाळी बाईंचा फोन वाजला. नागोरावांचं नाव दिसलं, म्हणून त्यांनी उचलल्या उचलल्या "येताना दही आणजा" असंच सांगितलं. पलीकडून परका पोरगा म्हणाला, "काकू, घाबरू नका." नळासाठी खणलेल्या चरात स्कूटर गेली होती. कंपनीची बस वीतभर अंतरानं थांबली. नागोरावांचं गळ्याखालचं हाड मोडलं, एवढ्यावर निभावलं. पण बाई त्या "घाबरू नका"पाशी जी थांबली ती थांबलीच. नंतर कितीतरी दिवस फोन वाजला की हातातलं खाली ठेवून आधी भिंतीला टेकायची, मग उचलायची. तेवढं एक मी डोळ्यांनी बघितलंय.

सोडा म्हणून सांगून बघितलं. नागोरावांनी सोडली, पुन्हा धरली. मुलगा योगेश बंगळूरहून येऊन बापाला रागावून गेला, तेव्हा तर त्याच संध्याकाळी धरली. हाड जुळलं आणि नागोराव स्कूटरची किल्ली शोधायला लागले. बाईंनी किल्ली दिली नाही. म्हणाल्या, "तुम्हाले बारमध्येच बसाचं आहे नं? बसा. बार इकडं आणते."

मग बोलावणं गेलं मेहबूबभाईला. मेहबूब म्हणजे नागोरावांचा कारखान्यातला जोडीदार, राहायला कसबा पेठेत, वेल्डिंगमधला वाघ. तो आला, उंदरांच्या कुटुंबाला रजा दिली आणि म्हणाला, "भाभी, मैं तो छूता नहीं. मी बांधायचा आणि पिणार हा?"

"तुमी सोडा प्या. पापड तं खाता नं?"

"पापडासाठी ताजमहाल बांधून देतो."

भंगारातून त्यानं जुन्या बसची दोन बाकं आणली, निळ्या रेक्झिनची. एका बाकाच्या वर पत्र्याची पाटी तशीच होती, 'महिलांसाठी राखीव'. बाईंनी ती भिंतीवर ठोकून घेतली आणि ते बाक स्वतःला ठेवलं. घंटा कसब्यातल्या तांबटाकडून आली. एक ठोका म्हणजे ग्लास खाली ठेवा, दोन ठोके म्हणजे उठा, जेवायला चला. कमानीचं कपाट मेहबूबच्या ओळखीच्या सुताराकडं पडून होतं. गिऱ्हाइकानं देवघर म्हणून सांगितलं आणि न्यायला आलंच नाही. बाई म्हणाल्या, "चांगल्या लाकडाले काहून नाही म्हणा?"

आणि खिडकी. मुळात खोलीला खिडकीच नव्हती. मेहबूबनं पत्रा कापून सोसायटीच्या आतल्या रस्त्याच्या बाजूला ही एवढी, दोन हात रुंद खिडकी काढली आणि काच बसवली. नागोराव दचकले.

"इकडून तं सगळे दिसतीन!"

"दिसू द्या," बाई म्हणाल्या.

दसऱ्याला पूजा झाली, कारण डेपोत दसऱ्याला बसची पूजा व्हायची, हार घालून, नारळ फोडून. बाईंच्या हिशेबी नवीन वस्तू आली की पूजा. त्यात इंदुबाई सापडल्या.

मग सुरू झालं. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर धुरळा. कुणी खोलीचा फोटो टाकला, कुणी खाली हात जोडलेलं चित्र टाकलं, ते चुकून का मुद्दाम, देव जाणे. पण संध्याकाळचा कार्यक्रम मात्र सुरू झाला, आणि काय सांगू तुम्हाला! नागोराव काचेचा ग्लास घेऊन, दिव्याखाली, रस्त्याकडं तोंड करून बसलेले. येणारेजाणारे बघतात. कुणी मान हलवतो, कुणी मान फिरवतो. पहिल्या दिवशी त्यांचे कान लाल झाले होते. चौथ्या-पाचव्या दिवशी ते फिरायला जाणाऱ्यांना "या, पापड घ्या" म्हणायला लागले. पेग दोन. तिसऱ्याला हात जायचाच नाही, कारण समोरून कुणीतरी जात असायचं आणि शेजारी महिलांसाठी राखीव बाकावर ती बसलेली असायची. तिच्या ग्लासात लाल काहीतरी. इंदुबाईंनी एकदा खिडकीतूनच विचारलं, "म्हणजे आपणसुद्धा?"

"तुमाले काय वाटते?"

इंदुबाईंना जे वाटायचं ते वाटलं. कोकमाचं सरबत होतं ते. मी प्यालोय. पण बाईंनी शेवटपर्यंत कुणाला खुलासा केला नाही.

अखेर हॉलमध्ये बैठक बोलावली. अध्यक्ष रविराजसाहेब. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं मऊ. एक गोष्ट जाता जाता सांगतो. साहेबांची गाडी संध्याकाळी आमच्या खिडकीखाली येऊन थांबते. इंजिन चालू, काचा वर, आणि साहेब बराच वेळ उतरत नाहीत. उतरतात तेव्हा बडीशेपेचा वास पहिल्या मजल्यावर येतो. बाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी बैठकीत त्याचा 'ब'सुद्धा काढला नाही.

इंदुबाई उठल्या. "ही सुसंस्कृत माणसांची वस्ती आहे."

"म्हणून तं चपला बाहेर काढल्या तुमी," बाई म्हणाल्या.

हॉल हसला. रविराजसाहेबांनी टेबल वाजवलं. "वहिनी, प्लीज. परवाने आहेत, विक्री नाही, हे सगळं आम्ही बघितलंय. इश्यू पिण्याचा नाहीये. इश्यू दिसण्याचा आहे. त्या रस्त्यानं मुलं जातात."

"मुलाइले काय दिसते जी? एक म्हातारा दोन ग्लास पेते, पापड खाते, बायकोचं बोलणं खाते अन् उठून जेवाले जाते. पाहू द्या नं."

"आपण समजून घ्या. घरात कोण काय करतं, त्याच्याशी कुणाला घेणं नाही. फक्त खिडकीला पडदा लावा. एवढंच. नाही लावला, तर ती बागेची खोली आहे, बागेसाठीच दिलेली आहे, आणि कमिटीला ती पाडून घ्यावी लागेल. ठराव तसा आहे."

बाई उठायच्या आत नागोराव उठले. मान खाली. "लावतो पडदा. विषय संपवा, साहेब."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. होत्या तिथंच बसून राहिल्या. अंगावर खाकी असो वा नसो, नवऱ्याचा पाणउतारा चारचौघांत करायचा नाही, हे त्यांचं जुनं.

पडदा रविराजसाहेबांनी स्वतः पाठवला. त्यांच्या दिवाणखान्यातला, जाड, तपकिरी. नागोरावांनी तो खिळे मारून लावला. त्या संध्याकाळी बाई खोलीत आल्या नाहीत. "पडद्यामागं मी बसत नाही," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आत आम्ही तिघं. नागोराव, मेहबूब आणि मी. आणि काय सांगू, ती खोली ती राहिलीच नाही. दिवा तोच, बाक तेच, पण सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले. नागोरावांनी काचेचा ग्लास बाजूला सारला आणि कुठून तरी स्टीलचा पेला काढला. मेहबूब म्हणाला, "अरे, इथं कोण बघतंय? पेला कशाला?" दोन झाले. तिसरा ओतला तेव्हा त्यांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. घंटेला कुणी हात लावला नाही. बाटली संपली तसे ते उठले, कपाटामागं हात घातला आणि स्कूटरची किल्ली काढली. कधी शोधली होती, कुणास ठाऊक.

"चौकातून आलोच."

मेहबूबनं दार अडवलं. "नागोराव, बैठ."

"सरक रे. पाच मिनिटं."

"हाड एकदा मोडलंय तुझं."

"तुझं तं नाही मोडलं!" नागोराव ओरडले. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत मेहबूबवर ओरडलेले मी तेव्हाच ऐकले.

त्या आवाजानं बाई आल्या. हात पिठाचे. त्यांनी किल्ली बघितली, पेला बघितला. नुसत्या दारात, नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. नागोरावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बाई हलल्या नाहीत. तवा जळल्याचा वास यायला लागला तरी हलल्या नाहीत. शेवटी नागोरावांनी किल्ली त्या पिठाच्या हातावर ठेवली आणि बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग बाईंनी पडदा धरला आणि ओढला. खिळ्यांसकट आला. बाहेर पोरं सायकली फिरवत होती, ती थांबून आत बघायला लागली. नागोरावांनी हात तोंडावरून काढले. पोरांकडं बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "पापड घ्या."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच रविराजसाहेब कमिटीचे दोघं घेऊन परसाशी आले, मागं इंदुबाई. बाई स्टुलावर चढून काच पुसत होत्या. तपकिरी, जाड फडक्यानं. साहेबांनी ते फडकं ओळखलं. मी भिंतीपलीकडून बघत होतो, साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

"वहिनी, आपलं ठरलं होतं. नागोरावांनी शब्द दिला होता."

नागोराव दारातच होते. या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही. बायकोकडं बघत राहिले.

"मी चांगुलपणानं सांगतोय," साहेब म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत पडदा लावा. नाहीतर उद्या माणसं बोलावून खोली पाडावी लागेल. मग मला बोल लावू नका."

सत्यशीलाबाई स्टुलावरून उतरल्या. पदराला हात पुसले. एरवी पुण्यात इतकी वर्षं काढून त्या थोडंफार शहरी बोलतात, पण राग आला की थेट वर्ध्याला जातात. त्या दिवशी त्या जे बोलल्या, ते आहे तसं सांगतो, एक अक्षर माझं नाही:

"पाडा नं जी, पाडा. मी काही आडवी नाही पडत. पण मंग उद्यापासून रोज संध्याकाळी ह्या माणसाले त्या रस्त्यावरून घरी आणाले तुमी जाजा. अन् ज्या दिवशी आणता नाही आला, त्या दिवशी मले सांगाले बी तुमीच येजा, फोनवर दुसऱ्या कोणाले बोलाले लावू नका. कबूल असन तं आत हातोडा हाये, घ्या. नसन तं सरका जरा बाजूले, अर्धी काच पुसाची राह्यली हाये."